टॉवेलाखालची दोन बोटं

साखर कारखान्याच्या चेअरमननं माझ्या मुलीला फसवलं. तिचं यंत्र त्यानं अर्धंच उभं केलं आणि पाटीवर नाव मात्र तिचं पूर्ण लिहिलं. सौदा मी केला होता, म्हणून हे लिहायचा हक्क माझा आहे. दुष्काळाचे दिवस होते, गैरसमज झाला, थोडं इकडचं चुकलं थोडं तिकडचं, असं आता लोक म्हणतात. तसं काही झालेलं नाही. एका माणसानं शब्द दिला आणि त्याच माणसानं तो मोडला.

मी जनावरांचा व्यापारी. माझ्या बापाच्या दावणीला कधी शेपूट हललं नाही. मी दुसऱ्यांची गुरं राखली, मग दुसऱ्यांची जनावरं बाजारात पायी हाकत नेली, मग दलाली केली आणि शेवटी स्वतःची दावण उभी केली. दात बघून वय आणि चाल बघून खोड ओळखायला मला कोणी शिकवलं नाही. लोक मला भांडकुदळ म्हणतात. बाजारात जो भांडत नाही तो आंधळा बैल घेऊन घरी जातो, एवढंच माझं उत्तर.

आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून बोलतात. तोंडानं टोमणे चाललेले असतात, 'हा बैल हाय का बोकड' म्हणून माणसं हसत असतात, आणि टॉवेलाखाली बोटं खरं बोलत असतात. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. तरी टॉवेलाखाली ठरलेलं कोणी मोडत नाही, कारण मोडणाऱ्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नाही. माझा सगळा संसार या एका रिवाजावर उभा राहिला.

मुलगी एकुलती. बीडला खोली घेऊन शिकली, मग मोठ्या शहराच्या विद्यापीठात गेली. प्लाझ्माचं रसायनशास्त्र असं तिच्या विषयाचं नाव. पहिल्यांदा सुट्टीला आली तेव्हा मी जेवताना विचारलं, हे काय असतं.

"आप्पा, बर्फाला ताव दिला की पाणी होतंय, पाण्याला दिला की वाफ. वाफेच्या पुढं काय?"

"पुढं काय न्हाई. उडून गेली."

"पुढं हाय. हवेला लई जोराची वीज दिली की तिचे कण फुटत्यात. ती चौथी तऱ्हा. आभाळात चमकती ती तीच."

"मंजी तू आभाळातली वीज शिकायलीस?"

"बाटलीतली."

तिची आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "बाटलीचंच शिकायचं होतं तर गावात मास्तर काय कमी होते का?"

मुलगी हसली ती ठसका लागेपर्यंत. तो ठसका अजून माझ्या कानात आहे.

मग ती सांगत बसली. मोबाईलच्या आतल्या बारीक चकत्या याच विजेनं कोरतात, न भरणाऱ्या जखमेवरचे जंतू मारतात, धुरांड्यातला विषारी धूर तोडतात, शहरात पाणी निर्मळ करतात. मी ऐकत होतो, पण माझं लक्ष एकाच गोष्टीकडं होतं. आमच्या गावामागून ओढा जातो. कारखान्याच्या, मळीतून स्पिरिट काढणाऱ्या डिस्टिलरीचं काळं पाणी मोठमोठ्या तळ्यांत साठवलेलं असायचं आणि तिथून ते पाझरत ओढ्यात यायचं. काठच्या विहिरी उकळलेल्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. मी विचारलं, तुझी ही वीज आपल्या ओढ्याला लागू पडते का.

तिनं ओढ्याचं पाणी कॅन भरून नेलं. पुढच्या खेपेला काचेची एक बरणी, तारेचं वेटोळं आणि सुया लावलेलं झाकण घेऊन आली. बरणीत आमचं काळं पाणी ओतलं आणि बटण दाबलं. सुयांच्या टोकांना जांभळे धागे फुटले. बारीक तडतड झाली आणि वेल्डिंगच्या दुकानापाशी येतो तसा उग्र वास घरभर पसरला. आम्ही दोघं नवरा-बायको बरणीकडं बघत बसलो. काळं पाणी तांबूस झालं, तांबूस होतं ते पिवळं झालं आणि मग पलीकडच्या भिंतीवरचा खिळा पाण्यातून दिसायला लागला. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला.

मी मात्र जोडी घेताना करतो तेच केलं. "आता खोट सांग," म्हणालो.

तिनं बटण बंद केलं. मग म्हणाली, "आप्पा, हे पहिल्यांदा तुमीच इचारलं. बाकी समदे टाळ्या वाजवत्यात."

खोट तिनं स्वच्छ सांगितली. रंग आधी जातो. मीठ जागच्या जागी राहतं. आणि विजेनं हवेतला नायट्रोजन फुटतो, तो पाण्यात उतरतो आणि त्याचे नायट्रेट, नायट्राइट असे क्षार होतात. "वीज कडाडून पाऊस पडला की पीक हिरवंगार कावून होतंय? त्यानंच. झाडाला खत, जनावराला इख."

"मग?"

"मग डब्यातलं पाणी सरळ सोडायचं न्हाई. पुढं वाफे करायचे. खडी, वाळू, वर लव्हाळा आन पाणकणीस. मुळं आन मातीतले जंतू ते खात्यात. वाफ्यातनं निघालं की चांगल्या पाण्यात मिसळून झाडाला द्यायचं. प्यायला कधीच न्हाई."

कोळशानं तिनं फरशीवर दोन चौकोन काढले, एक डब्याचा आणि एक वाफ्यांचा. मी म्हणालो, "मंजी ही जोडी हाय. एकटा बैल इकायचा न्हाई."

"बरोबर बोललाव," ती म्हणाली. "एका बैलानं औत चालत न्हाई."

चेअरमन आमच्याच भागातला, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्याच्या वडलांना मी बैल विकले होते, त्या घरचा चहा मला नवा नव्हता. विहिरींवरून गावं चिडली होती, वरून तपासण्या लागल्या होत्या. कारखान्याला काहीतरी करून दाखवायची निकड होती. गरज कोणाची आहे ते ओळखून सौद्याला बसावं, हे मला पक्कं ठाऊक. मी त्याच्या बंगल्यावर गेलो. ओसरीवर संचालक मंडळी बसली होती.

"काका," चेअरमन म्हणाला, "पोरगी हुशार हाय तुमची. आपण तिचा तो जांभळा डबा बसवू. वाफ्याचं फुडल्या साली बघू."

"एका शिंगाचा बैल तुमी घेता का?"

मंडळी हसली. चेअरमनही हसला. "लई ताठ हाव तुमी."

"ताठ न्हाई. कुणाच्या दावणीला न्हाई, एवढंच." मी उठलो. माझ्या वयाच्या एका संचालकानं माझा सदरा धरून ओढला, "बस की बे, चहा तरी पी." मी बसलो नाही. फाटकापर्यंत गेलो, तेव्हा चेअरमननं हाक मारली. बाजारात असंच असतं. परत बोलावणारा अर्धा वाकलेला असतो.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हात पुढं केला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "एक बोट मंजी नुसता डबा. दोन बोटं मंजी डबा आन वाफे. वाफे झाल्याबिगर डबा चालू करायचा न्हाई. बोला."

"साहेब, दात दाखवा, वय बघायलेत," कोणीतरी ओरडलं. हशा झाला. चेअरमननं हसत हसत टॉवेलाखाली हात घातला. मी त्याची दोन बोटं दाबली. तो क्षणभर थांबला आणि मग त्यानं माझी दोन बोटं दाबली, चांगली जोर लावून दाबली. मी टॉवेल काढून झटकला. सौदा झाला होता.

घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "लिहून घेतलंव का?"

"टॉवेलाखाली झालंय."

"आप्पा, हा काय बैल हाय का?"

"शब्द बैलाचा असू दे न्हाईतर इजेचा. शब्द तो शब्द."

फरशीवरचे कोळशाचे चौकोन तिनं ओल्या फडक्यानं पुसून काढले.

कारखान्याच्या वार्षिक सभेत ठराव आला. आमच्या सहकाराची रीत अशी की वाचणारा पहिला शब्द उच्चारतो आणि मंडप 'मंजूर, मंजूर' म्हणून गर्जतो. शेवटचा शब्द कोणी ऐकत नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचं यंत्र, एवढंच माझ्या कानावर आलं. मी मागून उठून ओरडलो, "वाफ्याचं वाचा." कर्ण्यावर आभार सुरू झाले होते. शेजारचा सभासद माझा हात धरून म्हणाला, "काका, चला, भात थंड होतोय."

डबा आला. खरं तर तो डबा नव्हता, खोलीएवढं यंत्र होतं. मुलगी शहरातून येऊन एकेक सुई बसवून गेली. काचेच्या खिडकीतून जांभळा उजेड दिसायचा, गावातली पोरं बघायला जायची. तिचे हात भाजले होते आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळला होता. जाताना ती सगळ्यांना बजावून गेली की हे फक्त चाचणीपुरतं, वाफे होईपर्यंत हे पाणी परत तळ्यातच जाईल.

मग पाऊस गेला. ऊस वाळला, कारखाना लवकर बंद पडला. गावं टँकरवर आली. डिस्टिलरीची काळी तळी तेवढी भरलेली राहिली. कारखान्यानं चारा छावणी उघडली आणि ती नेमकी वाफ्यांसाठी आखलेल्या जागेवर. मी चेअरमनकडं गेलो तर तो छावणीतच पन्नासभर माणसांत उभा होता.

"काका," तो मोठ्यानं म्हणाला, "जनावरं मरायलीत आन तुमी मला लव्हाळा लावायला सांगता?"

सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. उभा जन्म ज्यानं जनावरांत काढला तो मी त्या घडीला जनावरांचा वैरी ठरलो. त्या वाक्याचं उत्तर मी आज देतो. छावणीला जागा गावाच्या चारी बाजूंनी पडीक होती.

यंत्राचं उद्घाटन छावणीतच झालं. मुलीला कळवलं नव्हतं. पाटी लागली होती आणि पाटीवर तिचं नाव होतं. काचेच्या ग्लासात नितळ पाणी धरून पाहुण्यांचे फोटो निघाले. मग चेअरमननं एक बैलजोडी पुढं आणवली. आमच्याकडं लोकांचा एकच विश्वास आहे: माणूस फसेल, पण जनावर वाईट पाण्याला तोंड लावत नाही. बैलांनी हौदात तोंड घातलं आणि घटाघटा प्यायला लागले. लोकांनी हात जोडले.

मी पुढं घुसून एका बैलाचा जबडा उघडला. जिभेखाली मिठाचे खडे होते, ओठांना पांढरा थर होता. पोट भरलेलं दिसावं म्हणून बाजारात विकणारे लोक जनावराला मीठ चारतात, मग ते कसलंही पाणी ओढतं. ही लबाडी मी लांबून ओळखतो. मी ओरडलो, बैलांना मीठ चारलंय, हे पाणी पाजू नका, हे इख आहे. ज्यानं माझा सदरा ओढून बसवलं होतं त्याच संचालकानं मला दंडाला धरून मंडपाबाहेर काढलं. "गड्या, पोरीचं कवतिक चाललंय आन तूच घाण करायलास," असं म्हणाला. लोकांना वाटलं, माझं आणि चेअरमनचं काही देणंघेणं फिसकटलं असेल.

मी मुलीला फोन केला. तिनं चेअरमनला फोन केला. तो तिला म्हणाला, "बाई, पाणी बाभळीला चाललंय. निवांत ऱ्हावा." ती परत परत फोन करत राहिली. पुढं त्यानं उचलणं बंद केलं. ती एसटीनं निघाली.

मधल्या काळात टँकर कमी झाले होते. हौदाला तळ्यातलं काळं पाणीच लागत होतं आणि ते एका फेऱ्यात नितळ दिसेना, म्हणून यंत्रातून निघालेलं पाणी पुन्हा यंत्रात सोडायचे आणि पुन्हा काढायचे. प्रत्येक फेऱ्याला ते अजून नितळ दिसायचं आणि प्रत्येक फेऱ्याला त्यात ते क्षार वाढत जायचे. आणि ते पाणी हौदात पडत होतं. लोक आपल्या हातानं जनावरं हौदावर आणत होते. त्यांनी बैल पिताना बघितले होते.

मुलगी आणि मी छावणीत पोचलो तेव्हा जनावरं पडायला लागली होती. उभ्या उभ्या थरथरायची, तोंड उघडून श्वास ओढायची आणि कोसळायची. सरकारी डॉक्टरनं एका गाईच्या मानेत सुई घातली. रक्त काकवीसारखं तपकिरी निघालं. मुलीनं ते पाहिलं. डॉक्टरनं विचारायच्या आधीच तिनं त्याला कारण सांगितलं, पाण्यातले ते क्षार रक्तात उतरले होते. त्याच्याकडच्या औषधानं काही जनावरं उठली. बरीच उठली नाहीत.

दुसऱ्या दिवशी युसूफ वडगावकडची एक बाई आमच्या दारात आली. नवरा-बायको बैलगाडीवर ऊसतोडीला जाणारे. छावणीत त्यांचे बैल गेले म्हणजे त्यांची गाडी गेली, येता हंगाम गेला. मला वाटलं शिव्या देईल. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं बैलांचे दोन कासरे उंबऱ्यावर ठेवले आणि माझ्या मुलीला म्हणाली, "ताई, पाटीवर तुमचं नाव होतं म्हणून पाजलं. शिकलेली लेक हाय, आपल्यातलीच हाय, म्हणलं."

मुलगी म्हणाली, "मावशी, ते पाणी प्यायचं नव्हतं."

"मग पाटीवर तसं लिवायचं की माय," बाई म्हणाली आणि निघून गेली.

ते कासरे मुलीनं मांडीवर घेतले आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली. तिच्या आईनं ताट वाढून ठेवलं. भाकरी वाळून कडक झाली.

चौकशी झाली. चौकशीला यंत्र दिसलं आणि पाटी दिसली. वाफे दिसले नाहीत, कारण ते कधी झालेच नव्हते. जे झालं नाही ते कसं दाखवायचं? मी चौकशीसमोर सांगितलं की दोन्ही भागांचा सौदा झाला होता. चौकशीच्या साहेबानं विचारलं, कुठं. मी म्हणालो, टॉवेलाखाली. तो लिहायचा थांबला आणि हसू दाबत शेजारच्याकडं बघायला लागला. चेअरमन समोरच बसला होता. मी त्याला म्हणालो, "तुमी सांगा, किती बोटं दाबली होती."

"काका," तो अगदी मायेनं म्हणाला, "टॉवेलाखाली काय झालं ते देवालाच ठाव. यंत्र तुमच्या लेकीचं. डबा तर आपण ठरल्यापरमाणं बसवला."

संचालक आपापल्या चहाच्या कपात बघत होते. ओसरीवर माझं बोलणं प्रत्येकानं ऐकलं होतं. कोणी तोंड उघडलं नाही.

मुलीनं संशोधन सोडलं. विद्यापीठातले लोक तिला दोष देत नव्हते, उलट समजावत होते, पण ती म्हणायची की जांभळा उजेड दिसला की तिला तपकिरी रक्त दिसतं. आता ती लांबच्या शहरात एका औषधी गोळ्यांच्या कारखान्यात पाकिटं तपासते. जाताना मी तिची पिशवी उचलली, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"आप्पा, मी तुमाला खोट सांगितली होती. तुमी त्या खोटीचाबी टॉवेलाखाली सौदा केलाव."

"मी दोन बोटं दाबली होती माय. त्यानं बी दोन दाबली."

"कुणी बघितली?"

एवढंच बोलून ती रिक्षात बसली.

ती फोन करते तो आईला. फोन आला की तिची आई स्पीकर चालू करून तो खिडकीत ठेवते आणि भांडी घासायला मागं जाते. मी बाजेवर बसून ऐकतो. मुलगी एकटीच बोलत राहते, काय खाल्लं, पाऊस आहे का, खोलीवरची बाई कशी आहे. आई मागं गेली आहे हे तिला भांड्यांच्या आवाजावरून कळत असणार. तरी ती फोन ठेवत नाही. मी खोकतसुद्धा नाही. खोकलो तर ती बंद करेल अशी भीती वाटते.

ती काचेची बरणी फडताळात आहे. तिची आई ती पुसून ठेवते.

मी अजून बाजारात जातो. नवे व्यापारी मोबाईलवर आकडा टाकून दाखवतात, टॉवेल कोणी वापरत नाही. म्हातारे मात्र अजून माझ्या हातात हात देतात. माझा शब्द अजून चालतो, फक्त माझ्या घरात चालत नाही, आणि ज्याच्यामुळं चालत नाही तो अजून त्याच खुर्चीत बसतो. दर वर्षी मंडप भरतो आणि दर वर्षी 'मंजूर' होतं.

तर चेअरमन साहेब, हे तुम्हाला आहे. मेलेली जनावरं तुम्ही परत आणू शकत नाही आणि ते मी मागत नाही. त्या बाईला दुसरी जोडी मी माझ्या दावणीची दिली, तिचे पैसे तुमच्याकडं मागत नाही. मला एकच उत्तर पाहिजे. येत्या बाजारच्या दिवशी बैलबाजारात या. तुमच्या वडलांनी माझ्याकडून जोडी घेतली होती त्याच लिंबाखाली मी उभा असेन. मी टॉवेल आणणार नाही. चार लोकांसमोर माझा हात उघड्यावर हातात घ्या आणि त्या दिवशी किती बोटं दाबली होती तेवढी दाबून दाखवा. एक असेल तर एक दाबा, माझ्या डोळ्यात बघून. दोन असतील तर दोन दाबा, आणि मग माझ्या बायकोच्या फोनवरून माझ्या मुलीला तुमच्या तोंडानं सांगा.